ओ पॉझिटिव्ह म्हणजे पायलीचे पन्नास?

बायो, परवा फोनवर म्हणालीस, "माझा गट ओ पॉझिटिव्ह, असले दाते पायलीचे पन्नास. माझंच रक्त कशाला हवंय?" तेव्हा समोर पेशंटचे नातेवाईक उभे होते. आज निवांत आहे, म्हणून बोलते.

गट तपासताना रक्ताच्या एका थेंबात अँटी-ए घालतात, दुसऱ्यात अँटी-बी. दोन्हींत दाणे पडले नाहीत, की लिहिलं 'ओ'. बऱ्याच ठिकाणी तपासणी इथेच संपते. रक्तपेढीत आम्ही उलटंही बघतो. त्याच माणसाच्या रक्तद्रवात ओ गटाच्या पेशी सोडतो. खरा ओ असेल तर काहीच होत नाही. पण क्वचित तिथे टचटचीत दाणे उठतात. तो बॉम्बे गट! १९५२ साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत तो शोधला. आपल्या देशात साधारण दहा हजारांत एक, युरोपात दहा लाखांत एक. या माणसाला ओ गटाचं रक्तही चालत नाही, फक्त आपल्याच गटाचं लागतं. मग आधी सख्ख्या भावंडांना बोलवायचं, कारण त्यांच्यात जुळायची शक्यता चारात एक. म्हणून कार्डावरच्या 'ओ'वर विसंबू नकोस. एकदा दोन्ही बाजूंनी तपासून घे. आणि साधा ओ निघाला तरी तो आम्हाला रोज लागतो गं.

आता जरा मनातलं. शिबिरात खाटांवर ओळीनं पुरुषच असतात, हे बघून मला वाईट वाटतं. मुली येतात, हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली भरतं, हिरमुसून परत जातात. काकू म्हणेल, "लग्न व्हायचंय अजून, अशक्तपणा येईल." तिला सांग, अशक्तपणा असेल तर आम्हीच सुई लावत नाही. पंचेचाळीस किलोंच्या खालीही नाही, पाळी चालू असतानाही नाही. दोनदा देण्यात पुरुषांना तीन महिने पुरतात, आपल्याला चार. तोवर पालेभाजीवर लिंबू पिळत जा आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नकोस. तरी हिमोग्लोबिन वाढलं नाही तर डॉक्टरांना विचारून लोहाच्या गोळ्या घे. रक्त दे न दे, हे तुझ्यासाठीच आहे.

मे महिन्यात आलीस की माझ्याकडे ये. कॉलेजं बंद, शिबिरं थंड, आणि प्लेटलेट पाच दिवसांपलीकडे टिकत नाहीत. उपाशी येऊ नकोस, न्याहारी करून ये. हिमोग्लोबिन कमी भरलं तर सख्खी बहीण असलीस तरी परत पाठवीन हं.