बाहुलीचे कपडे आणि घरचे शिवणयंत्र

शिवणकाम शिकण्याची हौस पुष्कळ मुलींना असते. परंतु बहुतेक घरी सुरुवात होते ती एकदम पोलक्यापासून किंवा धाकट्या भावाच्या सदऱ्यापासून. बेत चुकला की वार-दीड वार कापड वाया जाते, घरातील वडील माणसे नाराज होतात आणि हौस तिथेच संपते. त्यापेक्षा पहिले गिऱ्हाईक म्हणून बाहुली उत्तम! तिला कापड वीतभर लागते, आणि एका परकर-पोलक्यात बेतणे, माया सोडणे, टीप मारणे, दुमड घालणे, नेफा करणे व बटण लावणे हे सारे धडे येऊन जातात. म्हणून या लेखात बाहुलीचे साधे कपडे आणि ते ज्या यंत्रावर शिवायचे त्या यंत्राची निगा या दोन्ही गोष्टी एकत्रच सांगण्याचे योजिले आहे.

आपल्या सावरगावचे नाव बाहेरच्या माणसाने ऐकलेले असते ते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णेकरांशी होणाऱ्या गोटमारीमुळे. त्याच दिवशी नागपूरकडे लहान मुलांचा तान्हा पोळा असतो. लाकडी बैल सजवून मुले घरोघर नेतात. पुढे भाद्रपदी पौर्णिमेला वऱ्हाड-नागपूरकडच्या मुली भुलाबाई मांडतात, ती कोजागिरीपर्यंत. भुलाबाई व भुलोजी मातीचे. त्यांची वस्त्रे रंगाने काढलेली असतात. पण घरातल्या चिंधीच्या बाहुलीला खरे वस्त्र लागते, आणि लाकडी बैलाला झूल लागते. पोळ्यापासून कोजागिरीपर्यंतचे हे दिवस म्हणूनच लहान शिवणकामाचे दिवस. दिल्लीला व्यंगचित्रकार शंकर यांनी १९६५ साली बाहुल्यांचे संग्रहालय उघडले, त्याची सुरुवातही भेट मिळालेल्या एका हंगेरियन बाहुलीपासून झाली. परदेशचा पोशाख बाहुलीच्या अंगावर पाहून मुले हरखतात. आपला पोशाख आपल्या बाहुलीच्या अंगावर शिवता आला तर अधिकच आनंद.

एक चूक

प्रथम स्वतःची एक चूक सांगते, कारण यंत्राची निगा मी त्या चुकीतून शिकले. मी नऊ वर्षांची असताना आमच्या घराचा खर्च आईच्या शिवणयंत्रावर चाले. पोळ्यानंतर आई पंधरा दिवस माहेरी गेली होती. यंत्राला तेल घालावे लागते एवढे मी पाहिलेले होते. आईला मदत करावी म्हणून मी स्वयंपाकघरातली जवसाच्या तेलाची बाटली घेतली आणि यंत्राच्या प्रत्येक भोकात तेल भरले. अगदी बाहेर ओघळेपर्यंत. आई परतली तेव्हा यंत्र जड फिरत होते. दसऱ्याच्या सुमारास ते जागीच बसले. चाक हलेना.

जवसाचे तेल हवेने सुकते आणि कडक थर धरते. म्हणूनच ते रंग व वार्निशात घालतात. हे ज्ञान मला फार पुढे झाले. तेव्हा एवढेच दिसले की दिवाळीचे घेतलेले कापड आई एकेका घरी परत नेऊन देत आहे. कारागिराने यंत्र खोलले, भाग घासलेटात भिजत ठेवले, थर खरवडले. त्यात चार दिवस गेले. त्या चार दिवसांत आईने दोन झबली रात्री जागून हाताने पुरी केली. मी भीत भीत माझी चूक सांगितली, तेव्हा ती म्हणाली, "रागावू कोणावर? तुला मी कधी दाखवलंच नव्हतं." दिवाळी झाल्यावर तिने मला यंत्राशेजारी बसवले, हातात चिंध्या दिल्या आणि बाहुलीचा परकर शिवायला लावला. तोच पाठ येथे देत आहे.

यंत्र टाका कसा घालते

हाताने शिवताना एकच दोरा कापडातून आरपार जातो. यंत्रात दोन दोरे असतात: वरचा सुईतला व खालचा बॉबिनचा. अमेरिकेतील एलायस होवे याने १८४६ साली ज्या यंत्राचा हक्क नोंदविला त्यातील मुख्य युक्ती म्हणजे सुईचे नेढे टोकापाशी. सुई कापडातून खाली जाते, किंचित वर येते, तेव्हा दोऱ्याचा लहानसा फास सुटतो. खालच्या शटलचे टोक तो फास पकडून बॉबिनभोवती फिरवते. वरचा दोरा ओढला जातो आणि दोन्ही दोऱ्यांची गुंफण कापडाच्या पोटात बसते. १८५१ साली आयझॅक सिंगर याने सुधारलेले यंत्र पुढे जगभर घरोघर गेले. यंत्रांच्या हव्यासाला विरोध करणाऱ्या गांधीजींनीही १९२४ साली एका विद्यार्थ्याशी बोलताना सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद केला होता. पत्नीचे हाताने शिवण्याचे कष्ट वाचावेत या प्रेमातून ते यंत्र निघाले, असे त्यांचे म्हणणे होते. घरातल्या बाईचा वेळ व डोळे वाचविणारे यंत्र म्हणून त्याची योग्यता मोठी आहे.

कापड निवडणे

बाहुली १२ इंच उंच धरू. पाच फूट उंचीच्या बाईच्या ती पाचवा हिस्सा झाली. बाईचे लुगडे ९ वार, म्हणजे ३२४ इंच; त्याचा पाचवा हिस्सा सुमारे ६५ इंच. पन्हा ४५ इंच. त्याचा पाचवा हिस्सा ९ इंच. तेव्हा ६५ इंच लांब व ९ इंच रुंद पट्टी काढली की बाहुलीचे नऊवारी झाले. मुलांना त्रैराशिक शिकविण्याचीही ही चांगली रीत आहे.

परंतु येथे एक अडचण येते. बाहुली पाचपट लहान झाली तरी सूत पाचपट बारीक होत नाही. कोऱ्या जाड कापडाच्या निऱ्या बाहुलीच्या कमरेवर गाठोड्यासारख्या दिसतात. यासाठी धुऊन धुऊन मऊ झालेले जुने लुगडे, मलमल किंवा व्हॉइल घ्यावे. फुले व चौकडे बारीक असावेत. खणाचा तुकडा चोळीला शोभतो, पण त्याची दुमड एकदाच घालावी. बाहुलीत भरायला आपल्या कापसाच्या मुलखात कापूस विकत आणायला नको; मात्र सरकी नीट वेचून काढावी, नाहीतर ती हाताला लागते.

परकर

१६ इंच लांब व ७ इंच रुंद तुकडा घ्यावा. खालच्या काठाला पाव इंच दुमडून पुन्हा पाव इंच दुमडावे व टीप मारावी. लुगड्याचा काठच खाली आला तर दुमडीची गरज नाही. मग रुंदी अर्धा इंच कमी घ्यावी. वरच्या बाजूस प्रथम पाव इंच व मग अर्धा इंच दुमडून नेफा करावा. आता दोन्ही उभ्या कडा सुलट बाजू आत ठेवून जोडाव्यात, पण नेफ्याची तोंडे उघडी ठेवावीत. नाडी ओवून चुण्या सारख्या कराव्यात.

पोलके

हे एकाच तुकड्याचे आहे. बाही निराळी लावायची नाही. छाती ७ इंच धरून प्रथम कागद कापावा. ८ इंच रुंद व ७ इंच लांब कागद आडवा दुमडावा, म्हणजे वर खांद्याची घडी येईल. मग तो उभा दुमडावा, म्हणजे डावीकडे मध्याची घडी येईल. दोन्ही घड्या मिळतात त्या कोपऱ्यात गळा कापावा: खांद्यावर पाऊण इंच, खाली अर्धा इंच. उजव्या कडेला वरून पावणेदोन इंचांवर खूण करून तेथून आत कापत यावे व मध्याच्या घडीपासून अडीच इंच उरले की खाली वळावे. काखेचा कोपरा किंचित गोल ठेवावा.

हा कागद कापडावर ठेवून कापावे. पाठीचा भाग मध्यावर उभा कापून उघडा करावा, कारण बाहुलीचे डोके गळ्यातून जात नाही. पुढचा गळा पाव इंच खोल करावा. बाह्यांची तोंडे, गळा व पाठीच्या कडा आधी दुमडून घ्याव्यात. बाजूंच्या शिवणी नंतर. लहान बाही शिवल्यावर यंत्राखाली जात नाही, हे नवशिक्यांना नेहमी उशिरा कळते. बाजूंना पाव इंच माया धरून टीप मारावी आणि काखेत टिपेला धक्का न लावता एक काप द्यावा. तो न दिल्यास काख ओढते. शेवटी खाली दुमड घालून मागे एक हुक लावावा.

मुलांनी लाकडी बैलाची झूल शिवावी. बैलाच्या पाठीवरून दोन्ही बाजूंना लोंबेल एवढा चौकोन, कडेला रंगीत पट्टी आणि कोपऱ्यांना सुताचे गोंडे. एवढ्यात झूल होते. सरळ टीप शिकायला यासारखे दुसरे काम नाही.

टीप बिघडली तर

पातळ कापडाला ११ नंबरची सुई व साधारण कापडाला १४ नंबरची लावावी. बाहुलीच्या कपड्यांना इंचाला १२ ते १५ टाके बसवावेत. सुईला एका बाजूस लांब खाच असते; ज्या बाजूस खाच त्याच बाजूने दोरा ओवावा. दोरा ओवताना फूट वर उचललेले असावे, म्हणजे तो ताणाच्या चकत्यांमध्ये नीट बसतो.

टीप खालून मोकळ्या फासांची दिसली तर वरच्या दोऱ्याचा ताण कमी आहे. वरचा दोरा तारेसारखा सरळ पडला व खालचा वर डोकावला तर ताण जास्त आहे. मात्र स्क्रू फिरवण्यापूर्वी दोरा पुन्हा ओवून पाहावा. पुष्कळदा दोष तेवढ्यानेच जातो. टाके सुटत असतील तर सुई वाकली आहे किंवा बोथट झाली आहे काय ते पाहावे. कापड मागून ओढू नये; ते पुढे नेण्याचे काम खालच्या दात्यांचे आहे. ओढल्याने सुई वाकते आणि लोखंडावर आपटून तुटते. चाक नेहमी आपल्याकडे फिरवावे. उलट फिरल्यास शटलमध्ये दोरा गुंततो.

यंत्राची निगा

रोजचे काम संपल्यावर फुटाखाली कापडाची चिंधी ठेवून ते खाली सोडावे व यंत्र झाकावे. कापड नसताना फूट खाली ठेवून यंत्र चालवू नये. दाते व फूट एकमेकांवर घासतात.

रोज शिवण होत असेल तर आठवड्यातून एकदा सुई काढून, दात्यांवरची पट्टी खोलून, तिथला व शटलजवळचा कापसाचा मळ बारीक ब्रशाने काढावा. आधी मळ, मग तेल. उलट केल्यास तेलाने मळाचा लगदा होतो. तेल शिवणयंत्राचे पांढरे तेलच असावे. जवस, खोबरेल, गोडेतेल यांपैकी काहीही नको. प्रत्येक भोकात एकच थेंब पुरतो. पायाने चालवायच्या यंत्रात खालच्या चाकाच्या व दांड्याच्या सांध्यांनाही तेल द्यावे. चामडी पट्ट्याला मात्र नको, तो घसरू लागतो. नंतर चिंधीवर काही टिपा माराव्यात, म्हणजे जास्तीचे तेल चिंधीत उतरते.

पावसाळ्यात यंत्र भिंतीला टेकवून ठेवू नये, आणि काम नसले तरी आठ दिवसांनी एकदा फिरवावे. जुन्या तेलाने यंत्र जड झाले असेल तर भोकांत थोडे घासलेट सोडून काही मिनिटे चालवावे, उतरलेला मळ पुसावा व लगेच नवे तेल द्यावे. हे काम चुलीपासून व गॅसपासून दूर करावे. मोटर लावलेल्या यंत्राची प्रथम वीज काढावी आणि मोटरला घासलेट लागू देऊ नये. एवढे करूनही चाक हलले नाही तर जोर न करता कारागिराला दाखवावे.

खंडेनवमीला आपण घरातल्या हत्यारांची पूजा करतो. शिवणयंत्रालाही हळदकुंकू व फूल वाहतो. त्या दिवशी पूजेपूर्वी यंत्र खोलून, पुसून, तेल देण्याचा नेम ठेवावा, म्हणजे दिवाळीच्या शिवणाला ते तयार राहील. हे काम एकटीने उरकू नये. घरातील मुलगी असो वा मुलगा, त्याला जवळ बसवावे, तेलाची कुपी त्याच्या हाती द्यावी आणि थेंब कोठे व किती घालायचा ते दाखवावे.

आईचे ते यंत्र अजून माझ्याकडे चालते. त्याच्या काळ्या रंगावर कारागिराच्या खरवडण्याचा एक ओरखडा राहिला आहे. माझ्याकडे शिवण शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलीला मी तो पहिल्या दिवशी दाखवते, आणि मग बाहुलीच्या परकराचे कापड हाती देते.