नेट गेलं तरी नोंद राहिली पाहिजे



लोट्याच्या एमआयडीसीतल्या कारखान्यात सांडपाण्याच्या मीटरांची जबाबदारी तुझ्याकडे आली, हे ताईकडून कळलं. पाठोपाठ तुझा मेसेज: ‘मामा, गेटवेचा बफर किती ठेवू?’ फोनवर एक आकडा सांगून मोकळं होता आलं असतं, पण तो बहुधा चुकीचा निघाला असता.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ मध्ये अतिप्रदूषक ठरवलेल्या १७ प्रकारच्या उद्योगांना ऑनलाइन मोजणी यंत्रणा बसवायला सांगितली. त्यामुळे पीएच, सीओडी, प्रवाह अशी मीटरांची रीडिंग गेटवे गोळा करतो आणि ती थेट मंडळाच्या सर्व्हरकडे जातात. कोकणात जून लागला की लाइट जाते आणि तिच्यामागोमाग मोबाइलची रेंज. सर्व्हरवर तेवढा वेळ कोरा राहतो. नेट गेलं होतं की कोणी मुद्दाम मीटर बंद ठेवला होता, हे त्या कोऱ्या जागेकडे पाहून अधिकाऱ्याला कळत नाही.

हे दुखणं जुनंच. १९९९ मध्ये आयबीएमचे अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्कॉमचे अर्लेन निपर यांनी एमक्यूटीटी हा मेसेज पाठवण्याचा प्रोटोकॉल तयार केला, तो तेलाच्या पाइपलाइनची रीडिंग उपग्रहामार्फत आणण्यासाठी. लिंक महाग, बँडविड्थ तोकडी. पण एमक्यूटीटी वापरलं म्हणजे डेटा आपोआप वाचतो, हा गैरसमज फार पसरला आहे.

उदाहरणार्थ, मॉस्किटो हा एमक्यूटीटीचे मेसेज घेऊन पुढे पोचवणारा फुकट ब्रोकर घे. त्याची सेटिंगची फाइल उघडून पाहा. नेट नसताना क्लायंटमागे रांगेत ठेवायचे मेसेज मुळात १०००. गेटवेवर ४० टॅग, म्हणजे ४० वेगवेगळी मोजमापं, असतील आणि प्रत्येकाचं रीडिंग सेकंदाला जात असेल, तर ही रांग २५ सेकंदांत भरते. पुढचे मेसेज सरळ टाकून दिले जातात. क्यूओएस, म्हणजे मेसेज पोचवण्याच्या हमीची पातळी, शून्य ठेवलीस तर ते मुळात रांगेतच लागत नाहीत, म्हणून निदान एक ठेव. रांग डिस्कवर उतरवण्याची सोय मूळ सेटिंगमध्ये बंद असते. ती चालू केली तरी उतरवण्याचं अंतर १८०० सेकंद असतं. म्हणजे रांग मोठी केलीस, तरी नेट जाऊन विसाव्या मिनिटाला लाइटही गेली, तर सगळी वीस मिनिटं मेमरीतून पुसली जाऊ शकतात. आपल्याकडे दोन्ही जोडीनंच जातात! हे अंतर कमी कर आणि गेटवेला छोटा युपीएस मागून घे. साहेब कुरकुर करतील, करू देत.

आता हिशेब. ४० टॅग, सेकंदाला एक नोंद, म्हणजे दिवसाला ३४ लाख ५६ हजार नोंदी. एका नोंदीला १०० बाइट धरले तर साधारण ३४५ एमबी. सरासरी खंड विचारात घेऊ नकोस. गेल्या पावसाळ्यात सगळ्यात जास्त वेळ नेट कधी गेलं होतं, ते शिफ्टच्या वहीत शोध आणि त्याच्या दुप्पट जागा ठेव. दीड दिवस निघाला तर तीन दिवसांची जागा लागेल, जेमतेम एक जीबी. साधं एसडी कार्ड सततच्या लिखाणाने लवकर खराब होतं. औद्योगिक दर्जाचं घे आणि नोंदी एकेक न लिहिता गठ्ठ्याने लिही.

जागा भरल्यावर जुनं टाकायचं की नवं, हे आधीच ठरव. प्रदूषणाच्या नोंदीत दोन्ही नको असतं, म्हणून बफर ऐंशी टक्के भरताच कंट्रोल रूममध्ये अलार्म वाजू दे.

वेळेचा शिक्का मात्र मोजतानाच पडला पाहिजे, सर्व्हरवर पोचल्यावर नव्हे. नाहीतर रात्रभराची रीडिंग सकाळी नऊची म्हणून नोंदली जातील. गेटवेच्या घड्याळाला सेल आहे का बघ. रास्पबेरी पाय चार हा छोटा संगणक गेटवे म्हणून वापरलास, तर त्याला तो नसतोच. लाइट येऊन नेट येईपर्यंत त्याचं घड्याळ शेवटी लिहून ठेवलेल्या जुन्या वेळेवरच चालतं. क्यूओएस एकमध्ये तोच मेसेज दोनदा येऊ शकतो, म्हणून सर्व्हरच्या टेबलात टॅग आणि वेळ मिळून एकच नोंद राहील, असं बंधन घाल.

नेट परत आल्यावरचा गोंधळ वेगळाच. लिंक सेकंदाला १२० नोंदी नेते, त्यातल्या ४० ताज्या; साठलेल्यांना ८० उरतात. दिवसभराचा साठा संपायला बारा तास लागतील. तेवढ्यात जुने अलार्म खरे समजून ऑपरेटर पंपाकडे धावू नयेत, म्हणून साठ्यातल्या नोंदींवर ‘जुनी’ अशी खूण असू दे.

सगळं बसवल्यावर मे महिन्यातच चाचणी घे. आधी नेटची केबल काढ, तासाभराने गेटवेची वीज तोड, दोन्ही परत जोड आणि सर्व्हरवरच्या नोंदी मोज. एका टॅगच्या तासाला ३६०० भरल्या पाहिजेत. कमी भरल्या तर किती, ते मला कळव.

तुझा,
मामा