टॉवेल सुटायलाच हवा होता का?

कोर्टातल्या मर्डर मिस्टरीत शेवटच्या दहा मिनिटांत वकील एखादी क्षुल्लक वस्तू पुढे करतो आणि सगळी केस पालटते. टाळ्या! पण मित्रांनो, तो ट्विस्ट लॉजिकने टिकतो का, हे कधी तपासलंय? आपल्या मुंबईतलीच नानावटी केस घेऊ.

२७ एप्रिल १९५९. नेव्हीतले कमांडर कावस नानावटी यांना पत्नीने प्रेम आहुजाशी असलेले संबंध सांगितले. त्याच दुपारी ते आहुजाच्या बेडरूममध्ये शिरले. तीन गोळ्या सुटल्या, आहुजा ठार. बचाव असा, की झटापटीत रिव्हॉल्व्हर चुकून उडालं. ज्यूरीने ८ विरुद्ध १ मतांनी निर्दोष ठरवलं.

आता तो प्रसिद्ध टॉवेल. आहुजा नुकताच आंघोळ करून आलेला, अंगावर फक्त टॉवेल आणि मेल्यावरही तो जागच्या जागी! झटापट झाली तर टॉवेल सुटतो, सुटला नाही, म्हणजे झटापट नाही. साचा बरोबर आहे. पण पहिलं वाक्य खरं का? सकाळी सात वाजता हॉस्टेलच्या बाथरूमसमोर उभे राहा. बादलीवरून ढकलाढकली होते, एखाद्याचा सुटतो, एखाद्याचा असा घट्ट खोचलेला असतो की मेसपर्यंत जाऊन येईल. म्हणजे ‘सुटतोच’ नाही, ‘बहुतेक सुटतो’. नुसत्या टॉवेलवर कुणाला खुनी ठरवता येणार नाही.

पण रिव्हॉल्व्हरचा ट्रिगर प्रत्येक गोळीला नव्याने ओढावा लागतो. एकदा चुकून, मान्य. तीनदा चुकून, आणि तरी टॉवेल शाबूत? एम-थ्रीवाल्यांनो, तुम्हीच सांगा.

मला सगळ्यात पक्का वाटतो तो मुद्दा वेगळाच. नानावटींनी आधी बायको-मुलांना मेट्रो सिनेमाला सोडलं. मग जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसं घेतली. कारण काय दिलं? रात्री एकट्याने अहमदनगरला गाडी चालवत जायचंय! (मी इनामगावचा. पुण्याहून नगरचा रस्ता आमच्या शिरूरवरूनच जातो, त्यामुळे हे वाचताना जरा दचकलोच.) रागाच्या भरात घडलं म्हणावं, तर घर सोडल्यापासून गोळीबारापर्यंत जवळजवळ तीन तास गेले होते. शिवाय ‘चुकून’ आणि ‘रागाच्या भरात’ ही दोन्ही उत्तरं एकदम खरी कशी असतील?

सेशन्स जजना ज्यूरीचा निर्णय पटला नाही, त्यांनी केस हायकोर्टाकडे पाठवली. तिथे जन्मठेप झाली आणि २४ नोव्हेंबर १९६१ ला सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. त्या निकालात टॉवेल आहे, पण बऱ्याच मुद्द्यांपैकी एक म्हणून.