मेंढीकोट : सहकार्याचा एक धडा

सुटीच्या दुपारी घरोघरी रंगणारा मेंढीकोट हा केवळ करमणुकीचा खेळ नव्हे. संघभावनेची ती एक शाळाच आहे. ५२ पाने, ४ खेळाडू, प्रत्येकी १३ पाने आणि समोरासमोर बसलेल्या भिडूंच्या २ जोड्या, अशी त्याची मांडणी असते. अधिक दश्श्या, म्हणजेच मेंढ्या, जिंकणारी जोडी विजयी ठरते. चारही जिंकल्यास कोट होतो.

दश्शीहून गुलाम, राणी, राजा व एक्का वरचढ. त्यामुळे ती एकट्याच्या बळावर क्वचितच तगते. भिडूने एक्का टाकला की त्याच्या हातावर आपली दश्शी सोडावी लागते. प्रतिस्पर्ध्याच्या हुकुमाचा धोका असतोच. तरीही हा विश्वास दाखवावा लागतो. हात भिडूचा, पण मेंढी दोघांची! शिवाय खुणावण्यास मनाई असल्याने भिडूची अडचण त्याच्या पानांवरूनच ओळखावी लागते.

गावची पाणीपुरवठा समिती असो वा सहकारी संस्था, श्रेयाचा हिशेब सुरू झाला की काम मागे पडते. कोणती पाने वाट्याला यावीत हे आपल्या हाती नसते. ती एकमेकांसाठी खेळणे मात्र निश्चितच असते.