काडीवरचं माप

मामाजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, पायाचं माप आम्ही पऱ्हाटीच्या काडीवर नेलं होतं. ते बाजेवर बसलेले. बसल्याबसल्या त्यांनी पाय पुढे केला, यांनी टाचेपासून अंगठ्यापर्यंत काडी धरली आणि तेवढीच मोडून खिशात टाकली. आमच्या घरी जुन्या माणसांचा जोडा असाच यायचा. "मले काहून नेता गर्दीत? काडी न्या, तिच्यावर आणा," असं मामाजी म्हणाले आणि खरं सांगायचं तर आम्हालाही ते सोयीचंच वाटलं. या गोष्टीला आता दोन दिवाळ्या झाल्या.

सोयाबीनचे पैसे नुकतेच हाती आले होते. घरातलं सगळंच एकदम विटलं होतं. मुलीचे कुडते आखूड झालेले, मुलाच्या बुटातून अंगठा बाहेर आलेला, यांच्या दोन शर्टांच्या कॉलरी मी उलटून शिवलेल्या. मामाजींची चप्पल तर इतक्यांदा शिवली होती की मूळचा पट्टा कुठला ते सांगता येत नव्हतं. बायकांना एस.टी.चं तिकीट मार्च २०२३पासून अर्धं झालं, तेव्हापासून रिद्धपूरहून सगळ्यांनी अमरावतीला जाणं जड वाटत नाही. सकाळच्या गाडीनं निघालो.

जवाहर गेटच्या बाजूला कपड्यांच्या दुकानांत शिरलो आणि दिवस तिथेच गेला. एका कुडत्याच्या रंगावरून पाऊण तास. दुपारी कचोरी खाऊन परत तेच. परतीची गाडी पाचची, आणि जोड्यांच्या दुकानात पोचलो तेव्हा हातात वीस-पंचवीस मिनिटं आणि थोडेच पैसे उरले होते. मुलाला वाढत्या अंगाचा म्हणून दोन नंबर मोठा बूट घेतला. मामाजींसाठी सेलच्या ढिगातून काळा, रेक्झिनचा, पुढे निमुळता जोडा उचलला. काडी आत घालून पाहिली, बरोबर बसली. बिल मागितलं नाही. घरी आल्यावर जुनी चप्पल उकिरड्यावर टाकली.

भाऊबीजेच्या दिवशी मुलीनं हाक मारली. ओसरीपासून देवघरापर्यंत फरशीवर बोटाएवढे काळपट डाग पडले होते. आम्हाला वाटलं, बाहेरून चिखल आला. पुसायला गेले तर फडकं लाल झालं. मामाजींचा मोजा काढला तेव्हा करंगळीच्या बाजूची कातडी सोलून निघालेली होती आणि खाली ओलं मांस दिसत होतं. मी रडायच्या बेतात, आणि ते शांतपणे म्हणाले, "दुखतच नाही तं दाखवू काय?"

हे वाक्य मी कधीच विसरणार नाही. त्यांना बारा वर्षांपासून शुगर आहे. दुखत नाही म्हणजे जखम किरकोळ, असं आम्ही धरून चाललो. हळद-तेल लावत चार दिवस घालवले. बोट काळं पडायला लागलं तेव्हा अमरावतीला नेलं. तिथे डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनचा एक जाडसर दोरा तळपायाला वेगवेगळ्या ठिकाणी, तो वाकेपर्यंत टेकवला. "लागलं की सांगा." मामाजी गप्प. दोरा टेकतोय, वाकतोय, आणि ते गप्प. शुगर बरीच वर्षं राहिली की पायाच्या नसा मरतात, खडा रुतला, जोडा चावला, चटका बसला तरी मेंदूपर्यंत खबर जात नाही, हे मला त्या खोलीत कळलं. करंगळी काढावी लागली. ड्रेसिंग दोन महिने चाललं.

चूक काडीतच होती. काडी लांबी सांगते, रुंदी सांगत नाही. माणूस उभा राहिला की वजनानं पाऊल पसरतं, आणि आम्ही माप घेतलं ते बसलेल्या माणसाचं, तेही एकाच पायाचं. आता मी जाड कागदावर दोन्ही पावलं ठेवून उभं राहायला सांगते, पेन्सिल सरळ धरून रेघ ओढते आणि कागद कापून दुकानात नेते. जोड्यात तो कागद कडेला दुमडला तर तो जोडा आपला नाही, मग कितीही स्वस्त असो. पण माणूस येऊ शकत असेल तर माणसालाच न्या, आणि संध्याकाळी न्या, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. पाय बधिर असेल तर मागे पट्टा असलेली, आतून मऊ एमसीआर रबराची चप्पल घ्या. कुष्ठरोगानं बधिर झालेल्या पायांसाठी तीच देतात. तपोवनात दाजीसाहेब पटवर्धनांनी कुष्ठरोग्यांची सेवा उभी केली त्या अमरावतीशेजारी राहून बधिर पाय म्हणजे काय हे आम्हाला माहीत नसावं, याचं मला फार वाईट वाटतं.

नवा जोडा पहिल्या दिवशी तासभरच घालायचा आणि काढून पाय बघायचा. कुठे लाल दिसलं तर तो जोडा पुन्हा घालायचा नाही. जुनी चप्पल तोवर फेकू नका. घालण्याआधी जोड्यात हात फिरवा, खडा किंवा वर आलेला खिळा बोटाला लागतो. पाय गरम पाण्यात बुडवू नका, शेकू नका. आणि आमच्या गावाला येणाऱ्यांना एक विनंती: महानुभावांच्या राजमठात दर्शनाला सगळेच अनवाणी जातात. ज्यांचे पाय बधिर आहेत त्यांनी उन्हाळ्यात सकाळी लवकर यावं. तापलेल्या फरशीचा चटका त्यांना कळत नाही, फोड मात्र येतो.

मुलाच्या बुटाचंही सांगते. महिन्याभरात त्याचा तळ भुगा होऊन गळायला लागला. फोमसारखा पीयूचा तळ वर्षानुवर्षं पडून राहिला की हवेतल्या ओलीनं आतून कुजतो, वरून नवा दिसतो. म्हणून खोक्यावरचा महिना आणि वर्ष वाचा. आम्ही परत गेलो तर 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' या पाटीकडे बोट दाखवलं गेलं, आणि बिल नसल्यामुळे आम्ही मुकाट्यानं फिरलो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे बिल न देणं आणि सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, तशी मुदत नसेल तर तीस दिवसांत, परत न घेणं ही अनुचित प्रथा आहे. १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. माप चुकणं हा मात्र दोष धरला जात नाही, ते बदलून मिळेल का हे पैसे देण्याआधीच विचारून घ्या.

कपड्यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, तेवढं धरून घ्या. कपडा चुकला तर उसवता येतो, दाब सोडता येतो, धाकट्याला देता येतो. म्हणून आम्ही आता बाजारात गेलो की आधी पायातलं घेतो, पैसे आणि वेळ दोन्ही हातात असताना, आणि उरलेल्यात अंगावरचं.

मामाजी आता हळूहळू शेतापर्यंत जातात. रोज रात्री जेवणं झाल्यावर मुलगी त्यांचे पाय मांडीवर घेते, बोटांच्या बेचक्या उघडून टॉर्चच्या उजेडात बघते. तुमच्या घरी कुणाला शुगर असेल तर आज रात्री त्यांचे तळवे बघा. दुखतंय का म्हणून विचारू नका, स्वतः बघा.