बटणांच्या मोबाईलवर नेट कसे सुरू करावे?

(ऊस विकास विभागाकडून)



आपल्या गटांत अजून कित्येकांच्या खिशात बटणांचाच मोबाईल आहे. चार्जिंग पुष्कळ टिकते, आणि रात्री पाण्याच्या पाळीला रानात नेला तरी धास्ती नाही. पण नेट चालत नाही म्हणून दुकानात जावे, तर नवाच फोन गळ्यात पडतो. पैसे खर्चण्याआधी पुढील गोष्टी याच क्रमाने तपासाव्यात.

१) फोन व सिमचा मेळ : १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, येथून बार्शीपर्यंत बार्शी लाईट रेल्वे सुरू झाली. तिचे रूळ अडीच फुटी. तिचा डबा मोठ्या लाईनीवर चालत नसे. कुर्डुवाडीला माल उतरवून दुसऱ्या गाडीत भरावा लागे. मोबाईलचेही तसेच आहे. टू-जी फोन फोर-जीच्या जाळ्यावर चालत नाही. जिओचे टू-जी जाळे मुळातच नाही. म्हणून जुन्या टू-जी फोनात ते सिम घातले तर नेट सोडाच, साधा कॉलही लागत नाही. तसेच मेनूत ब्राउझर नसेल, तर त्या फोनवर संकेतस्थळ उघडणार नाही.

२) पॅक : डिसेंबर २०२४ मधील ट्रायच्या नियमानुसार कंपन्यांना फक्त कॉल व एसएमएसचे वेगळे पॅकही द्यावे लागतात. नेट नको असणाऱ्यांची त्यात सोय आहे. पण त्या पॅकमध्ये डेटा नसतो. रिचार्ज करतानाच विचारून घ्यावे.

३) ॲक्सेस पॉइंट : ही कंपनीच्या जाळ्यातून इंटरनेटकडे जाण्याची वेस समजा. वेशीचे नाव चुकले की नेट अडते. मेनू, सेटिंग, नेटवर्क किंवा कनेक्टिव्हिटी असे जाऊन आधी मोबाईल डेटा चालू करावा. दोन सिम असल्यास डेटा कोणत्या सिमचा, ते निवडावे. मग ॲक्सेस पॉइंटमध्ये नाव पाहावे. बीएसएनएलसाठी 'बीएसएनएलनेट', जिओसाठी 'जिओनेट'. इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. एअरटेलसाठी 'एअरटेलजीपीआरएस', मग टिंब आणि 'कॉम'. युजरनेम व पासवर्ड रिकामे ठेवावेत. सेव्ह करून फोन एकदा बंद-चालू करावा. इतर कंपन्यांचे नाव ग्राहक सेवेकडून घ्यावे.

४) काम झाल्यावर बंद : मधले बटण चुकून दाबले जाऊन पुष्कळ फोनांत ब्राउझर उघडतो व शिल्लक कटते. म्हणून डेटा बंद ठेवावा. १९२५ या क्रमांकावर इंग्रजीत 'स्टॉप' असा एसएमएस केल्यास कंपनीकडूनच डेटा बंद होतो.

आता महत्त्वाचे. नेट लागले म्हणजे सगळी कामे या फोनवर होतील असे नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात सुरू झालेल्या ई-पीक पाहणीला स्मार्टफोन लागतो. घरातल्या पोराचा किंवा शेजाऱ्याचा फोन घेऊन मुदतीत नोंद करावी, नाहीतर सातबाऱ्यावर पीक चढायचे राहते. उलट, ओटीपी व बँकेचे एसएमएस यांना नेट लागतच नाही. मार्च २०२२ मध्ये सुरू झालेल्या यूपीआय १२३पे सेवेने साध्या फोनवरून नेटशिवाय पैसेही पाठवता येतात. तेव्हा आपले काम कोणते, ते आधी ठरवावे. मग नेटवर खर्च करावा.

अडचण आल्यास गट कार्यालयात फोन आणून दाखवावा. मात्र ओटीपी व पिन कोणालाही, अगदी कारखान्याच्या माणसालाही, सांगू नये.

– ऊस विकास अधिकारी