शाळेचा ग्रंथपाल : किल्ली सांभाळणारा की शिक्षक?

आमच्या सीमाभागातील पुष्कळ शाळांत ग्रंथालय म्हणजे कुलूप लावलेले एक कपाट. त्याची किल्ली एखाद्या शिक्षकाकडे असते. वर्षअखेरीस पुस्तकांची मोजदाद होते आणि हरवलेल्या पुस्तकाचा जाब त्यालाच द्यावा लागतो. अशा स्थितीत तो मुलांच्या हाती पुस्तक देण्यास कचरला, तर दोष एकट्या त्याचा नव्हे. ग्रंथपाल म्हणजे राखणदार, ही आपली समजूतच बदलावयास हवी.

ग्रंथांची आवड आमच्या प्रदेशाला नवी नाही. बहामनी राज्याचा वजीर महमूद गावान याने १४७२ साली बीदर येथे मदरसा उभारला. तेथे सुमारे ३००० हस्तलिखिते होती असे सांगतात. १६९६ साली दारूच्या स्फोटाने इमारतीचा मोठा भाग ढासळला. आज उरलेल्या भिंती पाहावयास प्रवासी येतात. ग्रंथ मात्र तेथे नाहीत. वास्तू टिकली म्हणून ग्रंथालय टिकले असे होत नाही, हा धडा आपल्या दाराशीच आहे.

निजामी राजवटीत सरकारी माध्यमिक शिक्षण उर्दूतून होई. मराठी आणि कानडी या भाषांना आसरा मिळे तो मुख्यतः घरात, खाजगी शाळांत आणि वाचनालयांत. गुलबर्ग्यात १९०७ साली नूतन विद्यालय निघाले. हैदराबादेत १९२२ साली मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले. भाषा जगविण्याचे काम त्या काळी अशा संस्थांनी केले.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन झाले. जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले; बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद हा भाग म्हैसूर राज्यात आला. पुढे दोन्हीकडे ग्रंथालयांचे कायदे झाले. म्हैसूरच्या १९६५ च्या कायद्याने उपकर बसवून सरकारी यंत्रणेमार्फत ग्रंथालये चालविण्याची व्यवस्था केली. महाराष्ट्राच्या १९६७ च्या कायद्याने लोकांनी चालविलेल्या वाचनालयांना मान्यता व अनुदान देण्याची पद्धत स्वीकारली. ती सोय सीमेच्या या बाजूस नसल्यामुळे येथील मराठी मुलाला शाळेचे कपाट हाच मोठा आधार राहिला.

ग्रंथपालाच्या पेशाला आपल्या देशात शास्त्राचे रूप दिले ते डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी. ते मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. ग्रंथ वापरासाठी असतात आणि वाचकाची व ग्रंथाची गाठ घालून देणे हे ग्रंथपालाचे काम, हा विचार त्यांनी १९३१ साली सूत्ररूपाने मांडला. पुढे मुदलियार आयोगानेही (१९५२-५३) शाळेच्या ग्रंथपालास वरिष्ठ शिक्षकांच्या बरोबरीचे वेतन व दर्जा मिळावा अशी शिफारस केली.

सीमाभागात तर हे काम अधिक नाजूक आहे. दशांश वर्गीकरणात मराठी साहित्याचा क्रमांक ८९१.४६, कानडीचा ८९४.८१४. फळीवर ती दोन्ही वेगळी बसतात. पण आमचे मूल घरी मराठी बोलते आणि बाजारात कानडी. दोन्हीकडची पुस्तके त्याच्या वयाला, वकुबाला जुळवून त्याच्या हाती कोण देणार? नोंदवहीला ते जमत नाही. त्यासाठी माणूस लागतो.

आता भ्रमणध्वनीवर पुस्तके मिळतात, मग ग्रंथपाल कशास, असे काही विचारतात. माहिती वाढली म्हणजे निवड सोपी होत नाही. ती अवघड होते. कर्नाटकात २०२० साली ग्रामपंचायत ग्रंथालयांतून मुलांना विनामूल्य सभासदत्व देण्याचा ‘ओदुव बेळकु’ हा उपक्रम सुरू झाला. त्याचा अर्थ ‘वाचनाचा प्रकाश’. तेथेही मुलांची गोडी टिकते ती पुस्तक काढून देणाऱ्या व चार शब्द बोलणाऱ्या माणसामुळेच, असे आम्हांस वाटते.

महोत्सवाच्या निमित्ताने सभासदांपुढे आम्ही चार गोष्टी ठेवतो. नव्या कपाटांच्या देणगीपूर्वी शिकलेल्या ग्रंथपालाच्या वेतनाची तरतूद व्हावी. गुलबर्गा विद्यापीठात या विषयाचे शिक्षण मिळते, तेव्हा आपल्याच मुलामुलींनी या पेशाचा विचार करावा. प्रत्येक वर्गाच्या वेळापत्रकात आठवड्यास एक तास वाचनाचा असावा. आणि वाचून वाचून फाटलेल्या पुस्तकाचा दंड कोणाकडूनही घेऊ नये. असे पुस्तक म्हणजे ग्रंथपालाच्या कामाची पावतीच होय.